कळींची नावे : संगणक माहितीपुस्तिकांतील लेखन

सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या मजकुरात कळफलकावरील कळींचा उल्लेख एकाच ठरलेल्या रीतीने करण्याचा संकेत. सबंध पुस्तिकेत एका कळीला एकच नाव असावे, ते कळीवर छापलेले असावे आणि भोवतीच्या मजकुराहून वेगळ्या टंकात असावे. एका पानावर ‘एंटर’ आणि पुढच्या पानावर त्याच कळीला ‘रिटर्न’ म्हटले, की नवशिका दुसरी कळ शोधत बसतो.

एकदम दाबायच्या कळींमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिका अधिकचिन्ह घालतात (कंट्रोल+सी), ॲपलच्या पुस्तिका संयोगरेषा (कमांड-सी). टंक वेगळा करण्यासाठी एचटीएमएलमध्ये १९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘केबीडी’ ही खूण आहे, तर डॉकबुकमध्ये ‘कीकॅप’ आणि ‘कीकॉम्बो’. कोणतीही रीत चालेल. दोन रीतींची सरमिसळ मात्र चालत नाही.

मराठीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण इथे एका कळीला दोन ओळखी असतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आखलेला इन्स्क्रिप्ट आराखडा पुढे भारतीय मानक १३१९४ : १९९१ मध्ये आला. त्यात इंग्रजी ‘सी’ची कळ ‘म’ उमटवते आणि ‘व्ही’ची ‘न’. तरीही मजकुराची नक्कल करायला कंट्रोल+सी हीच जोडी लागते. म्हणून आज्ञा सांगताना इंग्रजी नाव आणि टंकलेखन शिकवताना इंग्रजी नावाशेजारी देवनागरी अक्षर, हीच वाट योग्य. बाजारातल्या बहुतेक कळफलकांवर देवनागरी अक्षरे छापलेलीच नसतात.

‘दऱ्या’ हा शब्द घ्यावा. इन्स्क्रिप्टमध्ये तो असा उमटतो : ओ, मग शिफ्ट+जे, मग डी, मग तिरकी रेघ, शेवटी ई. यात शिफ्ट आणि जे एकदम दाबायचे, बाकीच्या कळी एकामागून एक. पुस्तिकेने सगळीकडेच अधिकचिन्ह घातले, तर वाचक सगळ्या कळी एका दमात दाबू पाहील. शिफ्ट लिहायची राहिली, तर डोंगरातल्या दऱ्यांऐवजी समुद्राचा ‘दर्या’ उमटेल. यासाठी अधिकचिन्ह फक्त एकदम दाबायच्या कळींसाठी राखावे आणि क्रमासाठी ‘मग’ किंवा स्वल्पविराम वापरावा.

कळीवरचे इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत छापलेले असते, पण त्याचा अर्थ शिफ्ट दाबावी असा नसतो. नुसती डी हलन्त देते, शिफ्ट+डी ‘अ’. त्यामुळे शिफ्ट लागते तिथे ती दर वेळी शब्दात लिहावी. मोठ्या-लहान लिपीवर भिस्त ठेवू नये.

आराखड्याचे नावही सांगावेच लागते. ‘ळ’ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट+एन वर आहे, तर उच्चारानुसारी बरहामध्ये शिफ्ट+एल वर. कळींच्या प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर तो तक्ता कोणत्या आराखड्याचा आहे, हे छापावे.