तीव्र मनोविकारांतील दृक्-संवेदनदोष

डोळ्यांवाटे आलेल्या वेदनांना मेंदूत अर्थ प्राप्त होऊन वस्तूचे जे ज्ञान होते, त्यास दृक्-संवेदन म्हणतात. छिन्नमानस, उद्दीपन-अवसाद चित्तविकृती इ. तीव्र मनोविकारांत या प्रक्रियेत मुख्यतः तीन प्रकारचे दोष आढळतात : समोर वस्तू नसताना ती दिसणे (निर्वस्तुभ्रम), असलेली वस्तू निराळीच भासणे (भ्रम), आणि प्रकाश, अंतर, आकार व गती यांचे ग्रहणच सदोष होणे. पहिल्या दोहोंकडे समाजाचे व वैद्यांचे लक्ष पूर्वीपासून गेले. तिसरा प्रकार मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. रुग्ण ‘मला नीट दिसत नाही’ असे सांगे, तेव्हा ते बोलणे त्याच्या आजाराचाच भाग मानले जाई.

इतिहास : फ्रेंच मनोविकारवैद्य एस्कीरॉल (१७७२–१८४०) यांनी १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निर्वस्तुभ्रम आणि भ्रम यांतील भेद स्पष्ट केला. तत्पूर्वी १७६० मध्ये स्विस निसर्गवैज्ञानिक शार्ल बॉने यांनी आपल्या वृद्ध आजोबांचा वृत्तांत नोंदविला होता. मोतीबिंदूमुळे त्यांची दृष्टी मंदावली होती. त्यांना माणसे, पक्षी व इमारती दिसत, परंतु त्या खऱ्या नाहीत याची त्यांना पूर्ण जाणीव होती. नसलेले दिसणे म्हणजे मनोविकारच, असे नव्हे, हा या नोंदीचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे.

ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात छिन्नमानसाची मांडणी करताना निर्वस्तुभ्रमांना दुय्यम लक्षणांत स्थान दिले व विचारसाहचर्यातील बिघाड मूलभूत मानला. त्यामुळे अभ्यासकांचा रोख विचारांकडे व भाषेकडे वळला. वस्तुतः १९०८ मध्येच डीफेनडॉर्फ व डॉज या अमेरिकी संशोधकांनी नेत्रगतींची छायाचित्रे घेऊन दाखविले होते, की अशा रुग्णांची नजर हलत्या वस्तूचा सलगपणे पाठलाग करू शकत नाही. हा शोध बरीच वर्षे बाजूस पडला. फिलिप हॉल्झमन व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये त्याची पुनःप्रचीती आणून दिली; पुढे रुग्णांच्या काही निरोगी नातेवाइकांतही हा दोष आढळला. दरम्यान १९६१ मध्ये मॅकघी व चॅपमन यांनी स्कॉटलंडमधील नवरुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. दृश्याचे तुकडे पडणे, सर्व तपशील एकदमच अंगावर येणे, हालचालींचे आकलन न होणे अशा तक्रारी त्यांत वारंवार येतात. छायाभेद ओळखण्याची क्षमता कमी होणे व विखुरलेल्या भागांतून आकृती सिद्ध न होणे, हे दोष त्यानंतरच्या प्रयोगांत दिसून आले.

एक प्रयोग विशेष बोलका आहे. मुखवट्याची आतील, खोलगट बाजू दाखविली असता निरोगी माणसास ती उठावदार चेहऱ्यासारखी भासते; छिन्नमानसाच्या अनेक रुग्णांना ती खोलगटच दिसते. म्हणजे येथे रुग्णाचे पाहणे वस्तुस्थितीस अधिक धरून असते. तथापि भ्रमात कमी फसणे हे रोगाचे गमक नव्हे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा लोकांच्या चाचण्या घेऊन १९०५ मध्ये नोंदविले, की बाणाग्रांच्या रेषांचा प्रसिद्ध भ्रम त्यांना इंग्रज व्यक्तींपेक्षा कमी होतो. पाहण्याच्या सवयी परिसरानुसार बदलतात. म्हणून शहरी मानकांवर बेतलेल्या चित्रचाचण्या आदिवासी व्यक्तीस लावताना सावधगिरी आवश्यक ठरते.

डहाणू–तलासरी परिसर : रुग्णाच्या दिसण्याचा अर्थ कोण लावतो, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. याचा प्रत्यय गुजरातच्या सीमेवरील डहाणू व तलासरी या वारलीबहुल तालुक्यांत येतो. हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. येथील परंपरेत आजाराचे कारण भगत सांगतो. तो तांदळाचे दाणे पाहून कोणत्या देवाचा कोप वा कोणाची बाधा झाली, याचा निर्णय करतो. कोणास माणसे वा आकृती दिसू लागल्या, तर त्यास बाधा मानण्याकडे कल असतो. भगताचा आधार कुटुंबास धीर देतो, हे खरे. परंतु दोषारोप एखाद्या स्त्रीवर ‘भुताळी’ म्हणून आला, तर एकाच्या आजाराचे दुसऱ्याच्या छळात रूपांतर होते. भूत उतरविण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरला आहे.

दुसरा मार्ग मनोरुग्णालयाचा. या भागाचे मनोरुग्णालय १९०१ साली ठाणे येथे स्थापन झाले. तलासरीपासून ते शंभराहून अधिक किमी. अंतरावर आहे. १८५८ व १९१२ च्या कायद्यांचा भर रुग्णास दाखल करून ताब्यात ठेवण्यावर होता. दूरच्या पाड्यावरून आलेला, वारली बोली बोलणारा रुग्ण आपल्या दिसण्याचे वर्णन वैद्यास समजेल अशा शब्दांत करू शकेलच, अशी शाश्वती नसे.

निदान व उपचार : छिन्नमानसात आवाज ऐकू येणे हे दृश्ये दिसण्यापेक्षा अधिक प्रमाणात आढळते. म्हणून केवळ दृश्येच दिसत असतील, तर प्रथम शारीरिक कारण शोधावे लागते. दीर्घकाळची दारू एकाएकी सुटणे, धोतऱ्याची विषबाधा, मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप व तीव्र ज्वर यांत अशी दृश्ये दिसतात आणि यांतील काही अवस्था तातडीने उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतात. मोतीबिंदू, अ जीवनसत्त्वाच्या अभावी येणारा रातांधळेपणा व दात्रकोशिका रोगातील जालपटलाची हानी यांचाही विचार करावा लागतो.

औषधांचेही परिणाम असतात. १९५२ मध्ये क्लोरप्रोमॅझीनचा वापर सुरू झाल्यावर मनोविकारांच्या उपचारांत क्रांती झाली; तथापि ते दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास स्वच्छमंडल व भिंग यांवर कण साचतात. थायोरिडॅझीन रोज ८०० मिग्रॅ.हून अधिक दिल्यास जालपटलास इजा होऊ शकते. कंप व ताठरपणा आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे जवळचे अंधुक दिसते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता वैद्याकडून मात्रा वा औषध बदलून घेणे इष्ट असते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये व राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. रुग्ण एकच असला, तरी नेत्रचिकित्सा व मनोविकारचिकित्सा यांच्या वाटा निराळ्या राहिल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोरुग्णास शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीने वागणूक मिळण्याचा हक्क दिला. या हक्काचा साधा अर्थ असा, की मनोरुग्णाने डोळ्यांची तक्रार केली, तर त्याचे डोळे तपासले गेले पाहिजेत. त्याच्या तक्रारीत कधी चष्म्याची गरज, कधी औषधाचा परिणाम, तर कधी आजाराचेच आरंभीचे चिन्ह असते. आणि ते तपासणीवाचून ठरविता येत नाही.