जूं, सांखळी आणि जीप

मुंबईहून नागपुराकडे जाणारी आगगाडी धामणगांव मागें टाकून वर्धा नदीच्या पुलावर आली कीं, डब्यांतील आवाज पालटतो. आणि पूल ओलांडतांच जें गांव लागतें त्याचें नांवच पुलगांव. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची ही वाट १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. त्यापूर्वीं या मुलखांतील कापूस बैलगाड्यांवर, नाहीं तर लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून घाटाखालीं जात असे, आणि नदीला पूर आला म्हणजे माल व माणसें ऐलतीरावर खोळंबून राहत. पुलानें ती अडचण दूर केली; परंतु ओझें एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सोंपविण्याचा जो जुनाच प्रश्न, तो पुलगांवाला सुटला नाहीं. उलट तो तेथें अधिक ठळकपणें उभा राहिला.

१९१७ मध्यें पुलगांवाहून आर्वीपर्यंत सुमारें २२ मैलांची एक छोटी आगगाडी सुरू झाली. मोठ्या गाडीच्या रुळांतील अंतर साडेपांच फूट, आणि या गाडीच्या रुळांतील अंतर अवघें अडीच फूट. दोन्ही गाड्या एकाच स्थानकांत येत; पण एकीचा डबा दुसरीला जोडतां येत नसे. म्हणून आर्वीकडून आलेली कापसाची प्रत्येक गासडी, म्हणजे जवळजवळ चारशें पौंडांचें ओझें, हमालांनीं एका डब्यांतून काढावें व दुसऱ्यांत चढवावें, असा क्रम चाले. जेथें जोड जमत नाहीं तेथें त्याची किंमत कोणाची तरी पाठ मोजते. ती छोटी गाडी पुढें बंद पडली.

बैलगाडीची जोड याहून पुष्कळ शहाणपणाची म्हणावी लागेल. बैलाच्या खांद्यावर जूं, जुंवाला शिवळा, जुंपणीचा दोर आणि मधोमध गाडीची धुरा. एवढ्या चार-दोन वस्तूंत सारा कारभार. तरीहि धुरकरी गाडी भरतांना दहा वेळां ओझें पुढेंमागें सारतो, कारण मागें भार अधिक झाला तर गाडी उलार होऊन धुरा वर उचलली जाते, आणि पुढें अधिक झाला तर बैलाच्या मानेला घट्टे पडतात. उतारावर तर ओढणाऱ्याचें काम उलटतें. तेथें बैलाला ओढावें लागत नसून मागून अंगावर येणारी गाडी आंवरावी लागते. ज्यानें काळ्या मातींतील नाल्याच्या उतारावर भरलेली गाडी उतरतांना पाहिली आहे, त्याला पुढील हकीगत समजावयास यंत्रशास्त्राची गरज पडणार नाहीं.

वर्ध्यास या जुन्याची व नव्याची एक गमतीची सोयरीक झाली होती. जमनालाल बजाज यांच्याकडे एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपीत, आणि ऑक्स म्हणजे बैल व फोर्ड ही मोटार, म्हणून त्या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ असें विलायतेंतील विद्यापीठाचें भारदस्त नांव मिळालें होतें, अशी आठवण सांगतात. हंसण्याचा भाग सोडला तरी त्या वाहनांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी होती. मोटार आपल्या चारहि चाकांवर उभी होती आणि दुसऱ्याच्या बळानें चालत होती.

ज्या मोटारीचें यंत्र जागच्या जागीं आहे, तिला असें नेणें मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. चाक फिरलें कीं त्याला जोडलेला लांब दांडा फिरतो, आणि दांडा फिरला कीं दंतचक्रांची पेटी फिरूं लागते. कित्येक मोटारींत या पेटींतील तेल इंजिन चालू असेल तरच वरपर्यंत खेळतें. इंजिन बंद ठेवून अशी मोटार शंभर मैल ओढीत नेली, तर बाहेरून कांहीं दिसत नाहीं आणि आंत पोलाद पोलादावर कोरडें घांसत राहतें. मुक्कामाला पोंचल्यावर मालकाला समजतें कीं, गाडी आली पण तिचा प्राण वाटेंतच गेला.

या अडचणीचा तोडगा युद्धानें दिला. त्याच युद्धाच्या काळांत पुलगांवाजवळ सैन्याचें दारूगोळ्याचें मध्यवर्ती कोठार उभें राहिलें आणि कापसाच्या गासड्या उतरवून घेणाऱ्या या गांवाशेजारीं ज्याला धक्काहि सोसत नाहीं असा माल येऊं लागला. ३१ मे १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथें लागलेल्या आगींत दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. अशा मालाचें वाहन म्हणजे काय असतें, हें त्या गांवाला कोणीं सांगावें लागत नाहीं.

अमेरिकेच्या सैन्यखात्यानें १९४० च्या जुलैंत १३५ कारखान्यांकडे हलक्या, चारहि चाकांना बळ देणाऱ्या गाडीची मागणी केली. अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साह्यानें पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजीं होलाबर्डच्या छावणींत हजर केला. परंतु बँटमचा कारखाना लहान. सैन्याला हव्या होत्या लाखांनीं गाड्या. मोठें काम विलीज-ओव्हरलँड व फोर्ड यांच्याकडे गेलें, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. बँटमच्या वांट्याला काय आलें? जीपच्या मागें जोडावयाच्या दुचाकी गाड्या. ज्यानें बैल घडविला त्याला शेवटीं छकडा करण्याचें काम मिळालें, हा न्याय कांहीं बरा म्हणतां येत नाहीं.

चालकाच्या उजव्या हाताशीं त्या जीपमध्यें गिअरच्या दांडीखेरीज आणखी दोन लहान दांड्या असत. एक पुढच्या चाकांना बळ देई किंवा तोडी. दुसरी दांडी मंद व शीघ्र अशा दोन गति देई आणि त्या दोहोंच्या मधोमध तिला एक रिकामी जागा होती. त्या जागीं दांडी आणली कीं इंजिन आणि गिअरची मुख्य पेटी यांचा चाकांशीं संबंधच उरत नसे; चाकें फिरोत, त्यांच्याबरोबर दांडे फिरोत, मुख्य पेटी स्वस्थ राही. मागची जीप दूरवर ओढून नेतां येते ती या एका रिकाम्या जागेच्या बळावर. जीपच्या पराक्रमाच्या गोष्टींत डोंगर चढण्याचें वर्णन पुष्कळ येतें, या जागेचें फारसें येत नाहीं. वस्तुतः कौतुक तिचेंहि व्हावयास पाहिजे.

ओढणें आणि ओढलें जाणें हीं दोन्ही कामें जीपनें युद्धांत केलीं. हजार पौंडांची मागची गाडी किंवा लहान तोफ हें तिचें नेहमींचें ओझें. जड तोफेसाठीं एका जीपच्या पुढें दुसरी जीप जोडण्याचीहि सोय केलेली होती. मोठ्या नांगराला शेतकरी तीन-चार जोड्या जुंपतो, तोच हा प्रकार. ब्रह्मदेशांत १९४४ मध्यें तर याहून नवल घडलें. मोगौंगच्या बाजूच्या रेल्वेवर आगगाडीचीं इंजिनें उरलीं नव्हतीं, तेव्हां जीपगाड्यांचीं रबरी चाकें काढून लोखंडी कडेचीं चाकें बसविण्यांत आलीं आणि त्यांच्यामागें मालाचे डबे जोडून सैन्याची रसद चालविण्यांत आली.

शांततेच्या काळांतहि हा गुण टिकला. विलीज कंपनीनें १९४५ मध्यें नागरिकांसाठीं जी जीप काढली ती शेतकऱ्यांना नजरेसमोर ठेवून काढली होती. तिला औत ओढण्यासाठीं मागें दांडा बसवितां येई. १९४९ पासून महिंद्र कंपनी मुंबईंत माझगांवला विलीज जीपचे सुटे भाग जुळवूं लागली आणि जंगलखातें, पाटबंधारे, पोलीस अशा अनेकांच्या कामाला ती आली.

अमेरिकेंत मात्र तिला एक नवें काम मिळालें. तेथें मोटारीच्याच सांगाड्यावर निजावयास खाट, चूल आणि नहाणी असलेलीं मोटारघरें प्रचारांत आलीं. आयोवा प्रांतांतील विनेबागो कंपनीनें १९६६ पासून तीं मोठ्या संख्येनें काढलीं. एवढें अवजड घर घेऊन भाजी आणावयास कोण जाणार? कोंकणांतील गलबत जशी मागें होडी बांधून नेतें, तशी या घरामागें लोक जीप बांधून नेऊं लागले. घर एका जागीं उभें करावें आणि डोंगरांतील वाटा जीपनें हिंडाव्या, अशी ही योजना.

ती जोड सिद्ध करण्याची पद्धत पाहिली तर धुरकऱ्याचीच सारी चिंता तींत दिसते. जीपच्या पुढच्या भागीं पत्र्याला नव्हे, तर सांगाड्याच्या मुख्य तुळयांना जाड पोलादी बैठक बोल्टांनीं आवळतात. तिच्यापासून त्रिकोणी दांडा निघून त्याचें टोंक घराच्या मागील गोळ्यावर बसतें. दांडा शक्य तितका समपातळींत असावा लागतो. गोळा फार उंच वा फार खालीं असला तर ब्रेक लावतांच मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलतांना दांडा तिरपा रेटा देतो. दांड्याखालून दोन सांखळ्या एकमेकींना फुली पाडून बांधतात, म्हणजे दांडा निसटला तरी त्याचें टोंक जमिनींत न रुततां सांखळ्यांच्या झोळींत पडतें. मागच्या दिव्यांच्या तारा पुढच्या गाडीला जोडतात. शिवाय उतारावर दीड-दोन टनांची जीप अंगावर येऊं नये म्हणून तिच्या ब्रेकलाहि स्वतंत्र योजना करतात, आणि जोड सर्वस्वी तुटलीच तर एक बारीक तार ओढली जाऊन ते ब्रेक आपोआप लागतात. ही शेवटची तार स्वस्त असते, म्हणूनच बहुधा तिची हेळसांड होते.

सुकाणूचें काय, असा प्रश्न कोणालाहि पडेल, कारण मागच्या गाडींत माणूस नसतो. पुढचीं चाकें ज्या आंसावर वळतात त्याला वरच्या बाजूस मागें किंचित् कल दिलेला असतो. त्यामुळें चाकें ओढाल तिकडे आपण होऊन वळतात. सुकाणूचें कुलूप तेवढें उघडें ठेवावें लागतें. मागें सरतांना मात्र हाच कल वैरी होतो, चाकें भलतीकडे फिरतात आणि दांडा वाकतो. अशी जोडलेली गाडी म्हणूनच मागें घेत नाहींत. अरुंद जागेंत शिरलेल्या माणसाला जीप सोडून, दोन्ही वाहनें वेगवेगळीं काढून, पुन्हा जोडावी लागतात.

निघण्यापूर्वीं ती दांडी रिकाम्या जागीं आली कीं नाहीं, याची खात्री नुसत्या डोळ्यांनीं करीत नाहींत. इंजिन चालू करून गिअर टाकतात आणि जीप हलत नाहीं असें पाहतात. मग तें बंद करून गाडी सोडतात. पहिल्या शेपन्नास पावलांवर एकजण खालीं उतरून चारहि चाकें फिरतात कीं एखादें फरफटतें तें पाहतो. त्यानंतर दर मुक्कामाला चाकांच्या मध्यावर हात धरण्याची चाल आहे. एखादें चाक इतरांहून तापलेलें लागलें तर तेथें ब्रेक चिकटलेला असतो, आणि तो सुटेपर्यंत जीपला तेथेंच उभी ठेवतात.