दोन पंचांगे, एक आकाश : जुन्या-नव्या गणिताच्या तुलनेचा पुण्याला मिळालेला धडा

१/ बहुतेक मराठी घरांत मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत ती १० जानेवारीच्या सुमारास येते. काही वर्षी या घरांचा अधिक मासही निराळा पडतो आणि त्यांच्याकडे गणपती महिनाभर आधी बसतात. सूर्य एकच असताना उत्तरे दोन का? या भेदाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील पुण्यात आहे. जुनी गणनपद्धती काढून तिच्या जागी नवी कशी बसवावी, हा त्या वेळचा प्रश्न आजच्या संगणक-अभियंत्यांपुढेही रोज उभा असतो.

२/ चालू संकेतस्थळाचा जुना कोड बदलताना तो एकदम काढून टाकणे धोक्याचे असते. म्हणून दोन्ही कोड काही काळ एकाच माहितीवर शेजारी-शेजारी चालवतात. वापरकर्त्याला उत्तर जुन्याचेच मिळते. नव्याचे उत्तर फक्त नोंदले जाते आणि फरक तपासला जातो. नवा कोड कोसळला तरी वापरकर्त्याला त्याची झळ लागत नाही. याच कामासाठी गिटहबने घडवलेल्या ‘सायंटिस्ट’ या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ती २०१६ मध्ये जाहीर झाली. तुलनेची ही गरज मात्र संगणकाहून फार जुनी आहे.

३/ कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्या काळी प्रचलित असलेल्या निरनिराळ्या सिद्धांतांतून आकाशाशी जुळणारे घटक त्यांनी निवडून घेतले आणि ज्या-कोटिज्यांची किचकट आकडेमोड टाळणारी सोपी रीत दिली. ती इतकी सोयीची ठरली की महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके तिच्यावरच चालली. एके काळचे नवे गणित अशा रीतीने ‘जुने’ झाले.

४/ या गणिताला मर्यादा होत्या. सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत पडणारा एक मोठा फरक त्यात स्वतंत्रपणे धरलेला नव्हता. अमावास्येला आणि पौर्णिमेला तो चंद्राच्या मुख्य संस्कारातच मिसळून जातो, म्हणून तेथे उत्तर बरेचसे जुळे. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्राचे स्थान अडीच अंशांपर्यंत, म्हणजे तिथीची वेळ पाच तासांपर्यंत चुकू शके. जुन्या रीतीने तिथी ५४ ते ६५ घटिकांची असे. सूक्ष्म गणिताने ती सुमारे ५० ते ६७ घटिकांची निघते.

५/ येथे पहिला धडा आहे. पंचांगाची लोकमान्य कसोटी म्हणजे ग्रहण, आणि ग्रहण अमावास्येला किंवा पौर्णिमेलाच होते. म्हणजे जेथे जुने गणित सर्वांत कमी चुके, नेमके तेथेच ते तपासले जाई. अष्टमीची चूक दाखवणारे असे कोणतेही ठळक दृश्य नव्हते. तुलना कितीही वर्षे केली, तरी निवडलेली उदाहरणे एकाच प्रकारची असतील तर दोष लपूनच राहतो.

६/ पुण्यातील गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके १७८७, म्हणजे १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. तेच ‘पटवर्धनी पंचांग’. ग्रहलाघवी पंचांगे चालूच होती. दोन गणिते आता दरवर्षी शेजारी-शेजारी छापली जाऊ लागली.

७/ परंतु नव्या पंचांगात एकाच वेळी दोन बदल होते. पहिला, ग्रहांची स्थाने सूक्ष्म कोष्टकांवरून काढणे. दुसरा, राशिचक्राचा आरंभबिंदू बदलणे. केरोपंतांनी ‘झीटा पिशियम’ हा रेवतीचा तारा आरंभाचा मानला. संपातबिंदूपासून या आरंभबिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे अयनांश. ग्रहलाघवाच्या नियमाने शकातून ४४४ वजा केले की अयनांश कलांत मिळतात. शके १७८७ साठी ते २२ अंश २३ कला येतात. रेवती ताऱ्यावरून मात्र सुमारे १८ अंश.

८/ सूर्य दिवसाला साधारण एक अंश पुढे सरकतो. म्हणून चार अंशांच्या या फरकाने संक्रांत चार दिवस आधी आली. ज्या चांद्रमासात संक्रांत नसते तो अधिक मास. त्यामुळे काही वर्षी अधिक मासही बदलला. चंद्राचे सूक्ष्म गणित मान्य करायचे, तर सणांचा महिना बदलण्याचीही तयारी हवी, असा पेच सामान्य गृहस्थापुढे पडला. पटवर्धनी पंचांग सर्वत्र रूढ झाले नाही.

९/ वस्तुतः हे दोन वाद भिन्न जातीचे होते. चंद्र अमुक क्षणी कोठे आहे, याचा निकाल दुर्बीण देते. राशिचक्र कोठून मोजावे, याचा निकाल कोणतीही दुर्बीण देत नाही. ते ठरवून घ्यावे लागते. पहिल्यात चूक असते, दुसऱ्यात संकेत. दोन्ही एकाच तुलनेत मिसळले की कोणता फरक कशामुळे पडला, हे कळेनासे होते.

१०/ पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याचा पक्ष मांडला. चित्रा तारा आरंभबिंदूच्या समोर, १८० अंशांवर मानला, तर शके १७८७ चे अयनांश सुमारे २२ अंश येतात. म्हणजे ग्रहलाघवाहून अर्ध्या अंशापेक्षाही कमी फरक. गणित नवे, पण संक्रांती जवळजवळ जुन्याच दिवशी. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही १९५५ च्या अहवालात चित्रेला अनुसरणारे अयनांश स्वीकारले. डेक्कन कॉलेजात केरोपंतांचे विद्यार्थी असलेल्या लोकमान्य टिळकांच्या नावाचे पंचांग मात्र रेवतीलाच धरून राहिले.

११/ केरोपंतांचे चंद्रगणित अचूकतेच्या मार्गावरच होते. आज महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगांत सूक्ष्म गणितच मान्य आहे. तरी त्याला दुसऱ्या बदलाचे ओझे वाहावे लागले. जुने चालू ठेवून नवे शेजारी चालवणे, ही सुरक्षित तुलनेची केवळ पहिली अट. एका वेळी एकच गोष्ट बदलणे ही दुसरी. ती न पाळल्याची खूण दरवर्षी जानेवारीत, दोन संक्रांतींच्या मधल्या चार दिवसांत दिसते.