मर्यादावेल आणि कायद्याची रेषा

१/४ कोकण-गोव्याच्या पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादावेल पसरते. तिची मुळे वाळू धरून ठेवतात. समुद्राची हद्द कोठवर, हे लोकभाषेने कायद्याच्या फार आधी या नावात नोंदवून ठेवले आहे.

२/४ कायद्याची रेषा पुष्कळ उशिरा आली. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामनिषिद्ध पट्टा २०० मीटरांचा ठरला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरांवर आणला.

३/४ पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, हिवाळ्यातील संथ लाटा ती परत आणतात. हॉटेलांसाठी वाळूचे उंचवटे सपाट करून भिंत घातली, की ही देवघेव तुटते. मग पुळण झिजते. सर्फिंगची लाट ज्यांवर उठते, ते पाण्याखालचे वाळूचे बांधही विस्कटतात.

४/४ समुद्राची पातळी वाढत असताना कायद्याची रेषा मात्र पाण्याकडे सरकली. पुण्याहून शनिवारी दापोली वा गोव्यास निघणाऱ्या आपणांस खिडकीतून समुद्र हवा असतो. त्या मागणीचाही या इतिहासात वाटा आहे.