संचालन प्रणाली, पर्यायी (घरगुती वापर)

विंडोज व मॅकओएस यांऐवजी घरच्या संगणकावर बसवता येणाऱ्या प्रणाली. त्यांत लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सवर आधारित प्रणाली प्रमुख असून डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट व फेडोरा या प्रचलित आहेत. बहुतेक मोफत मिळतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षा-सुविधा लागत असल्याने अनेक चालते संगणक अडले. त्यामुळे या पर्यायांकडे पुन्हा लक्ष गेले.

भारतीय प्रयत्न : पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये आणली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. केरळातील सरकारी शाळांत संगणकशिक्षण लिनक्सवरच चालते.

उपयुक्तता : ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, बँकेची संकेतस्थळे व साधे लेखन एवढाच वापर असेल तर फारसे अडत नाही. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असावी. लिबरऑफिस व फायरफॉक्स मराठीतून वापरता येतात. युनिकोड मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो.

मर्यादा : टॅली, फोटोशॉप व बरेच खेळ विंडोजसाठी बनतात, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’च्या आधारे काही चालतात, काही नाहीत. काही प्रिंटर व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ड्रायव्हर मिळत नाहीत. मराठी घरांत आणखी एक अडचण येते. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटातली लग्नपत्रिका किंवा सोसायटीचे इतिवृत्त उघडले, की मराठीच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हांची गिचमिड दिसते. तो फाँट बसवून मजकूर वाचता आला, तरी दुरुस्ती करायला विंडोजवरचे टंकलेखन सॉफ्टवेअरच हाताशी लागते.

बसवण्यापूर्वी : यूएसबी पेनड्राइव्हवरून प्रणाली ‘लाइव्ह’ चालवता येते, तेव्हा डिस्कवरचे काही बदलत नाही. वायफाय, आवाज, वेबकॅम व प्रिंटर याच वेळी तपासावेत. कायम बसवताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास जुन्या फाइली जातात; म्हणून त्यांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोज ठेवून शेजारी लिनक्सही बसवता येते. हिशेब किंवा डीटीपीवर पोट असलेल्यांनी ही जोडव्यवस्था ठेवावी. इतरांना मिंट किंवा उबुंटू पुरेशी आहे.