कनिष्ठ महिला विश्वचषक हॉकी

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघातर्फे २१ वर्षांखालील मुलींसाठी घेतली जाणारी ही स्पर्धा जागतिक हॉकीच्या वेळापत्रकात महत्त्वाची मानली जाते. मात्र क्रीडारसिकांच्या वाट्याला तिच्या बातम्या फार क्वचित येतात. ऑलिम्पिक आणि वरिष्ठ विश्वचषकात पुढे नाव कमावणाऱ्या अनेक खेळाडूंची पहिली ओळख याच मैदानावर झाली. अर्जेंटिनाची लुसियाना आयमार १९९७ साली या स्पर्धेत खेळली. पुढे तिने महिला हॉकीवर एक युग गाजवले.

मुलांच्या कनिष्ठ विश्वचषकाची सुरुवात १९७९ मध्ये फ्रान्समधील व्हर्सायला झाली. मुलींना त्यासाठी आणखी दहा वर्षे थांबावे लागले. त्यांची पहिली स्पर्धा १९८९ मध्ये कॅनडातील ओटावा येथे झाली आणि पश्चिम जर्मनीने ती जिंकली. पुढच्याच वर्षी दोन्ही जर्मनींचे एकीकरण झाल्याने या नावाने विजेतेपद मिळवणारा तो पहिला आणि अखेरचा संघ ठरला. १९९३ मध्ये स्पेनमधील तेरासा येथे अर्जेंटिना, १९९७ मध्ये दक्षिण कोरियातील सेओंगनाम येथे नेदरलँड्स, तर २००१ मध्ये ब्युनोस आयर्सला आणि २००५ मध्ये सँटियागोला दक्षिण कोरिया विजेता ठरला. त्यानंतर मात्र डच मुलींनी स्पर्धेवर जवळजवळ मालकी हक्कच सांगितला. २००९ (बोस्टन), २०१३ (मोन्शनग्लाडबाख), २०२२ (पोचेफस्ट्रूम), २०२३ आणि २०२५ (दोन्ही वेळा सँटियागो) अशी पाच विजेतेपदे त्यांनी पटकावली. मध्ये फक्त २०१६ मध्ये, सँटियागोलाच, अर्जेंटिनाने अंतिम फेरीत त्यांना ४-२ असे रोखले. मारिया होसे ग्रानातो त्या अर्जेंटिना संघात होती आणि टोकियो ऑलिम्पिकच्या रौप्यपदकविजेत्या संघातही.

स्पर्धेच्या स्वरूपात वेळोवेळी बदल झाले. पूर्वी ती चार वर्षांतून एकदा भरत असे. आता दोन वर्षांनी भरते. अनेक वर्षे सोळा संघांपुरती मर्यादित असलेली ही स्पर्धा २०२५ मध्ये प्रथमच २४ संघांची झाली. सामना पूर्वी ३५ मिनिटांच्या दोन सत्रांत होई. २०१४ नंतरच्या बदलांनी तो १५ मिनिटांच्या चार सत्रांचा झाला. बाद फेरीत बरोबरी झाल्यास निर्णय शूटआउटवर होतो. त्यात आक्रमक खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते. समोर एकटी गोलरक्षक आणि हाताशी अवघे आठ सेकंद. पाच-पाच प्रयत्नांनंतरही बरोबरी कायम राहिली, तर एकेका प्रयत्नावर भवितव्य ठरते. वरिष्ठ खेळाडूंचेही पाय येथे थरथरतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीवर येणारे दडपण वेगळे सांगायला नको.

भारताच्या दृष्टीने या स्पर्धेचे सोनेरी पान म्हणजे २०१३ ची जर्मनीतील मोन्शनग्लाडबाखची स्पर्धा. तोपर्यंत भारतीय मुलींना एकही पदक मिळालेले नव्हते. सुशीला चानूच्या नेतृत्वाखालील संघ साखळीत ऑस्ट्रेलियाकडून हरला, पण न्यूझीलंडवर २-० आणि रशियावर १०-१ असे विजय मिळवून त्याने पुढची फेरी गाठली. उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनला ४-२ असे हरवल्यावर उपांत्य फेरीत नेदरलँड्सने ३-० असा धडा शिकवला. ४ ऑगस्टला इंग्लंडविरुद्ध कांस्यपदकाची लढत निर्धारित वेळेत १-१ अशी बरोबरीत सुटली. शूटआउटमध्ये नवनीत कौरच्या निर्णायक गोलाने भारताने ३-२ अशी बाजी मारली आणि कनिष्ठ विश्वचषकातील पहिले पदक मिळवले. राणी रामपाल स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. हरयाणातील शाहाबाद मार्कंडा या गावात हातगाडी ओढून घर चालवणाऱ्या बापाची ही मुलगी. पुढे टोकियोत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या भारतीय संघाची ती कर्णधार झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुलांचा कनिष्ठ विश्वचषक खुद्द दिल्लीत झाला आणि यजमान भारत त्यात दहाव्या स्थानावर राहिला. प्रसिद्धी आणि प्रेक्षक मात्र मुलांच्या बाजूला होते.

या पदकाचे मोल ओळखायचे, तर त्या संघाचा पुढील प्रवास पाहावा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिला संघ ३६ वर्षांनी परतला, तेव्हा त्याचे नेतृत्व सुशीला चानूकडे होते. राणी, वंदना कटारिया, दीप ग्रेस एक्का या मोन्शनग्लाडबाखच्या मुली तेथे होत्याच. टोकियोच्या संघाचाही कणा त्याच होत्या. कनिष्ठ गटाची पुंजी वरिष्ठ गटात वसूल होते, याचा याहून स्पष्ट दाखला भारतीय हॉकीत नाही.

पण ही पुंजी सातत्याने साठली नाही. २०१६ च्या स्पर्धेसाठी भारत पात्रच ठरला नाही. पदक जिंकल्यानंतरच्या लगतच्याच स्पर्धेत अनुपस्थित राहण्याची नामुष्की म्हणजे एका पिढीचे यश हे व्यवस्थेचे यश नसते, याची जाणीव करून देणारी घटना होती.

पुनरागमन झाले ते दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूमला. करोनाच्या नव्या लाटेमुळे डिसेंबर २०२१ ऐवजी एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा झाली. सलीमा टेटेच्या भारतीय संघाने वेल्सला ५-१, जर्मनीला २-१ आणि मलेशियाला ४-० असे हरवून गटात अव्वल स्थान मिळवले. जर्मनीने हाच पराभव पचवून पुढे अंतिम फेरी गाठली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विजयाचे वजन कळते. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियावर ३-० अशी मात झाली, उपांत्य फेरीत पुन्हा नेदरलँड्स आडवे आले आणि कांस्यपदकाच्या लढतीत २-२ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये इंग्लंडने बाजी मारली. नऊ वर्षांपूर्वी ज्या प्रतिस्पर्ध्याला ज्या मार्गाने हरवले, त्याच प्रतिस्पर्ध्याने त्याच मार्गाने पदक हिरावले. लखनऊच्या भाजीविक्रेत्या कुटुंबातील मुमताज खानने आठ गोल करून स्पर्धेवर छाप पाडली. त्या वर्षी महासंघाच्या उदयोन्मुख महिला खेळाडूच्या पुरस्कारासाठी तिचीच निवड झाली.

या संघाशी महाराष्ट्राचेही नाते होते. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातून आलेल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या दोघी पोचेफस्ट्रूमच्या संघात होत्या, तर २०२३ च्या संघाची उपकर्णधार ऋतुजा पिसाळ हीदेखील साताऱ्याचीच. कोणे एके काळी मुंबई आणि पुण्याच्या क्लबांवर उभे असलेले राज्यातील हॉकी आता ऊस आणि डाळिंबाच्या गावांतून खेळाडू शोधत आहे. या बदलाची नोंद शहरी वाचकांनी अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

२०२३ मध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आणि २०२४ मध्ये मस्कतला शूटआउटमध्ये चीनवर मात करून भारतीय मुलींनी कनिष्ठ आशिया चषक लागोपाठ जिंकला. आशियातील हे वर्चस्व जागतिक स्पर्धेत मात्र टिकत नाही. २०२३ च्या विश्वचषकात कॅनडावर १२-० असा विजय मिळवूनही संघ नववा आला. २०२५ मध्ये नामिबियावर १३-० अशी मात करूनही दहावा. दुबळ्या संघांवर गोलांची बरसात करायची आणि जर्मनी, बेल्जियम, स्पेन यांच्यासमोर एका-दोन गोलांनी मागे पडायचे, हे चित्र अलीकडे वारंवार दिसते.

यजमानपदाचा प्रश्नही रेंगाळलेला आहे. मुलांचा कनिष्ठ विश्वचषक २०१३ मध्ये दिल्लीत, २०१६ मध्ये लखनऊला, २०२१ मध्ये भुवनेश्वरला आणि २०२५ मध्ये चेन्नई व मदुराईत असा चार वेळा भारतात झाला. मुलींचा एकदाही नाही. चिलीसारख्या, हॉकीत तुलनेने नवख्या देशाने याच काळात सँटियागोत मुलींची स्पर्धा तीनदा भरवली. आशियात तर १९९७ च्या सेओंगनामनंतर ती परतलेलीच नाही.