वापर आणि मालकी : पोंभुर्ण्याच्या रानातून एक जुना प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्याच्या नकाशावर पोंभुर्णा हे तालुक्याचे एक लहानसे ठिकाण. ताडोबाच्या अरण्यातून येणारी अंधारी नदी या भागातून वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचे हे रान. उन्हाळ्याच्या तोंडावर येथे मोहफुले वेचली जातात आणि ऊन तापले की तेंदूची पाने तोडली जातात. जिल्ह्याच्या पोटात दगडी कोळसा आहे, चुनखडी आहे. बल्लारपूरला कागदाचा मोठा कारखाना आहे. एवढे वैभव असूनही या रानाच्या कडेला राहणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या गरीबच राहिला. येथे धन आहे याबद्दल वाद नाही. ते कोणाचे, हा मात्र या भूमीचा फार जुना प्रश्न आहे.

शुभवर्तमानातील श्रीमंत तरुणाची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रभूकडे आलेला हा तरुण सर्व आज्ञा पाळणारा, सज्जन. तरी तो खिन्न होऊन परत गेला, कारण त्याच्यापाशी पुष्कळ मालमत्ता होती. या कथेवरून लोभ सोडावा असा बोध आपण घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु घर चालविणाऱ्या माणसाला त्यापुढे एक अडचण उरतेच. अन्न, वस्त्र, निवारा यांवाचून कोणाचे चालले आहे? एखादी वस्तू वापरायची, पण तिला ‘माझी’ म्हणायचे नाही, हे मनुष्याला जमेल काय? ख्रिस्तसभेने हा प्रश्न शतकभर मोठ्या तळमळीने चर्चिला आहे.

इटलीतील असिसी या नगरीत १२०६ साली एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने महागुरुस्वामींच्या समक्ष अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत केले. तोच पुढे संत फ्रान्सिस असिसीकर झाला. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. आपल्या बंधूंनी स्वतःचे असे काहीही ठेवू नये, घर नाही, जमीन नाही, पैसा नाही, अशी त्याची इच्छा होती. १२२६ साली फ्रान्सिसने देह ठेवला. बंधूंची संख्या झपाट्याने वाढली. त्यांना राहावयास मठ लागले, अभ्यासाला ग्रंथ लागले. मग ते ग्रंथ कोणाचे? १२३० साली पोप नववे ग्रेगरी यांनी उत्तर दिले की, बंधूंना वस्तूंचा वापर करता येईल, परंतु मालकी त्यांची असणार नाही. पुढे ही मालकी रोमच्या धर्मपीठाकडे असल्याचे ठरले आणि १२७९ साली पोप तिसरे निकोलस यांनी ही व्यवस्था पक्की केली.

तथापि वाद मिटला नाही. १३२२ साली पोप बाविसावे जॉन यांनी या व्यवस्थेच्या मुळाशीच हात घातला. खाऊन संपणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत वापर आणि मालकी वेगळी करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भाकरी ज्याने खाल्ली, ती त्याचीच झाली. ‘मी फक्त वापरली’ हे बोलणे पोकळ होय. ख्रिस्ताकडे आणि प्रेषितांकडे वैयक्तिक वा सामुदायिक असे काहीही नव्हते, हे मतही त्यांनी पुढच्याच वर्षी पाखंड ठरविले. फ्रान्सिस्कन संघाचे प्रमुख मायकल यांना १३२८ साली अ‍ॅव्हिन्यों येथून पलायन करावे लागले. पोपांचा युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. कारण ज्याला कशाचीच वाण पडत नाही, सारे सुखाने मिळते, त्याने केवळ कागदावर आपले नाव नाही म्हणून स्वतःस दरिद्री म्हणवून घ्यावे काय, हा त्यातील बोचरा सवाल आहे.

आता असिसीहून पुन्हा वैनगंगेकाठी येऊ. वापर एकाचा आणि मालकी दुसऱ्याची, ही व्यवस्था आमच्या या जंगलानेही अनुभवली आहे. फक्त येथे ती कोणी स्वखुशीने पत्करली नव्हती. चांद्याचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ साली इंग्रजांकडे आले. इंग्रजांनी जमीनबंदी केली, तेव्हा गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार गावाचे मालक ठरले. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी मोठमोठी जंगले सरकारची झाली. गावकऱ्यांकडे उरला तो ‘निस्तार’. निस्तार म्हणजे घरासाठी लाकूडफाटा, कुंपणाला बांबू, गुरांना चराई. वापर त्यांचा, मालकी परक्याची. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मालगुजारी संपली. मालकी सरकारकडे गेली, वापर तेवढा पूर्वीसारखाच दुसऱ्याच्या मर्जीवर राहिला. फ्रान्सिसच्या बंधूंनी मालकी सोडली ती मोकळे होण्यासाठी. येथील गोंड माणसाची मालकी काढून घेतली गेली आणि आपल्याच रानातला बांबू आणताना तो चोर ठरला. हा भेद आम्ही कधीही विसरता कामा नये. ज्याच्याकडून हिरावून घेतले आहे, त्याला त्यागाचा उपदेश करणे हे शुभवर्तमान नव्हे.

या इतिहासाला वळण मिळाले ते २००६ च्या वनहक्क कायद्याने. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे एक छोटे गोंड गाव आहे. देवाजी तोफा हे तेथील नेते आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल हे त्या गावाचे जुने सहकारी होते. गावातील प्रत्येक निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यायचा, ही त्या ग्रामसभेची रीत. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. कारण जुन्या कायद्यात बांबूची गणना झाडांत केलेली होती. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूसाठी दंड भरला, तोच बांबू गाव आता स्वतः विकू लागले.

हाती धन आल्यावर माणसाची खरी परीक्षा होते. मेंढ्याने काय केले? २०१३ साली, महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्यानुसार, गावाने आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे पाऊल उचलले. विनोबांच्या भूदानाचा प्रवाह, जो १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीत उगम पावला होता, तो साठ वर्षांनी या गोंड गावात पुन्हा वर आला. शेत कसण्याचा आणि मुलाबाळांकडे सोपविण्याचा हक्क कुटुंबाकडेच राहतो. मात्र ती जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. वापर घराचा, मालकी गावाची. तेराव्या शतकातील बंधूंनी जे मठापुरते योजिले होते, ते येथे बायकामुले, गुरेढोरे आणि नांगर असलेल्या गृहस्थांनी योजिले.

दुसरे उदाहरण पोंभुर्ण्याच्या अगदी शेजारचे. लगतच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्या गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेंदूची पाने हे या सबंध टापूत रोख पैशाचे हक्काचे साधन. परंतु पानांसाठी झुडपे छाटली जातात, फांद्या तोडल्या जातात, नवी पालवी फुटावी म्हणून रानाला आगी लावल्या जातात. आणि मग झाडाला टेंभरे धरत नाहीत, जी माणसे आणि पाखरे दोघेही खातात. हा सारा विचार करून पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने न तोडण्याचे ठरविले आणि बांबूवर आपला संसार उभा केला. ज्यांच्या गाठीशी फारसे काही नव्हते, त्यांनी हातातोंडाशी आलेला पैसा पाखरांसाठी आणि पुढच्या पिढीसाठी झाडावरच राहू दिला. पोप बाविसावे जॉन यांच्या प्रश्नाला येथे एक उत्तर सापडते असे आम्हांला वाटते. खाल्लेली भाकरी खाणाऱ्याचीच होते, हे खरे. पण सारी भाकरी खायची नाही, काही भाग दुसऱ्यासाठी राखायचा, हे ज्याला साधले, त्याचे मालकी न गाजविणे शब्दापुरते राहत नाही. त्याची त्याने किंमत मोजलेली असते.

ही गावे ख्रिस्ती नाहीत. त्यांचा देव, त्यांचे सण, त्यांची गोटुलाची परंपरा त्यांची आहे. त्यांच्या शहाणपणावर आपला शिक्का मारण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आपल्याच घरातील विसरलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरी उजेडात दिसावी, तसे येथे होते. चौथ्या शतकात मिलानचे महागुरुस्वामी संत अंब्रोज यांनी नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर एक ग्रंथच लिहिला आणि गरिबाला देणारा धनिक दान करीत नसून त्याचेच त्याला परत करतो, असे बजावले. संत थॉमस अक्वायनस यांनी खाजगी मालकीस मान्यता दिली, पण वापर करताना वस्तू सर्वांच्या समजाव्यात अशी अट घातली. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात खाजगी मालमत्तेच्या हक्काचे समर्थन केले, ते करताना हाच अक्वायनसी भेद पुढे मांडला. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी आणि २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा सांगितले की, सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे आणि खाजगी मालकीचा हक्क त्यानंतरचा आहे.

चांद्याच्या या भूमीत आमच्या ख्रिस्तसभेची मुळे फारशी जुनी नाहीत. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी चांदा मिशन केरळच्या सिरो-मलबार परंपरेतील कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपविले. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला. आपल्यापैकी बहुतेक वाचक मात्र येथून दूर, वसईपासून नगरपर्यंतच्या धर्मग्रामांत राहतात आणि त्यांचे रान म्हणजे वडिलोपार्जित शेत, वाडी, विहीर. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. बाहेरच्या गुंडगिरीशी त्या चळवळीने धैर्याने झुंज दिली. पण जमीन जाते ती नेहमी धाकदपटशानेच जाते असे नाही. पुष्कळदा ती घरातल्या घरात, सातबाऱ्यावरील नावांच्या भांडणात जाते. दोघे भाऊ रविवारी एकाच मिस्साबलिदानाला येतात, एकाच भाकरीत सहभागी होतात आणि बांधाच्या वादापायी दहा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. अशा घरी जमीन किती आहे हे मोजता येते. ती जमीन त्यांची आहे की ते जमिनीचे आहेत, हे मात्र सांगणे कठीण.

आध्यात्मिक संपत्ती म्हणजे काही अधांतरी वस्तू नव्हे. ती शेताच्या बांधावर, विहिरीच्या पाण्यावर, आईच्या दागिन्यांच्या वाटणीत दिसते किंवा दिसत नाही. सर्वस्व सोडण्याचे पाचारण प्रत्येकास नसते. जे आहे ते विश्वस्ताच्या भावनेने वापरण्याचे पाचारण मात्र प्रत्येक ख्रिस्ती गृहस्थास आहे. ते कसे पार पाडावे याची एक साधी रीत मेंढ्याच्या लोकांनी घालून दिली आहे. सर्वांचे एकमत होईपर्यंत ते बसतात. आपल्या घरी वाटणीचा कागद पुढे येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी सर्व भावांनी आणि बहिणींनीही, कारण त्यांचाही वाटा आहे, एकत्र बसावे. ज्याच्याकडे सर्वांत थोडे आहे त्याला प्रथम बोलू द्यावे. आणि एकाच्याही मनात खंत असेल तर त्या दिवशी न उठता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. यास वेळ लागेल. कदाचित चांगला भाव देणारे गिऱ्हाईकही हातचे जाईल. परंतु त्या घरातून कोणी त्या श्रीमंत तरुणासारखा खिन्न होऊन बाहेर पडणार नाही, अशी आमची श्रद्धा आहे.